अक्काला नंबर आठवेनात

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घाटनांदूरला अप्पांचं किराणा दुकान होतं. गावोगाव एसटीडीचे बूथ निघायला लागले, तेव्हा अप्पांनीही दुकानाच्या कोपऱ्यात काचेची केबिन उभी करून पिवळा बोर्ड लावला. बूथवर अक्का बसायची. बारावी झाली होती, स्थळं बघणं चालू होतं. पण गावात तिचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीनं. एकदा लावलेला नंबर ती विसरायची नाही. माणसं चिठ्ठीसाठी खिसे चाचपत असायची, तोवर ही म्हणायची, "लेकीलाच लावायचा ना काका, लातूरला? घ्या, वाजायलाय."

दुखणं पोटापासून सुरू झालं. आधी जुलाब, मग जुलाबात रक्त. कुणी संग्रहणी म्हणालं. आईनं ताक-भातावर ठेवलं, बेलाचा मुरंबा दिला. घरात संडास नव्हता. बायकांनी ओढ्याकडे जायचं ते उजाडायच्या आत, नाहीतर दिवस मावळल्यावर, आणि अक्काला दिवसातून दहादा जावं लागायचं. जावं लागू नये म्हणून ती जेवेनाशी झाली. अप्पांनी परसात घाईघाईनं संडास बांधून घेतला, पण तोवर तिचं मनगट माझ्या मुठीत सैल बसायला लागलं होतं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. मोठ्या आतड्याला सूज आहे, आतून जखमा आहेत, हे बरं होऊन पुन्हा उलटत राहील, असं त्यांनी सांगितलं. गोळ्यांनी रक्त थांबलं. गोळ्यांच्याच सुजेनं तिचा चेहरा गोल झाला, आणि शेजारणी म्हणाल्या, पोरगी सुधारली.

त्याच सुमारास ती चुकायला लागली. चुलीवर दूध ठेवून तिथंच बसायची आणि दूध उतू जायचं. बोलता बोलता साधा शब्द अडायचा. "ते आण गं, ते... पाणी काढायचं," म्हणत हात हलवत राहायची. हसणं तर कधी थांबलं ते आम्हाला कळलंही नाही. अप्पांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशक्तपणा आहे, मनाला लावून घेतलंय तिनं.

एका सकाळी पलीकडच्या गल्लीतली म्हातारी मावशी रडत बूथवर आली. तिचे मालक पहाटे गेले होते. मुलगा पुण्याला. चिठ्ठी तिनं आणलीच नव्हती. अक्काला नंबर पाठ असतो हे तिला ठाऊक होतं. अक्कानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हाती दिला. मावशी हंबरडा फोडून म्हणाली, "बाळा, तुझा बाप गेला रे!" पलीकडं कुणी भलताच माणूस होता. तो बिचारा घाबरून विचारत राहिला, "कोण बोलतंय? कुणाचा बाप?"

अक्कानं पुन्हा लावला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा तिची बोटं आकड्यांवर नुसतीच थांबली. शेवटी कुणीतरी मावशीच्या घरी पळत जाऊन पत्रातला नंबर आणला. तोवर मुलगा कामावर निघून गेला होता. निरोप मिळून तो गावात पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी तेव्हा दुकानातच होते. चार माणसांसमोर मी अक्काच्या अंगावर ओरडले, "नाटकं करतीस तू! काम नको म्हणून विसरतीस!"

"न्हाई गं," ती म्हणाली. "डोक्यात धुरळा भरल्यावानी होतंय. नंबर दिसतो, अन् लगेच पुसून जातो."

"मग कशाला बसतीस हितं?"

दुसऱ्या दिवसापासून ती बसली नाही. अप्पांनी मला बसवलं, आणि अंबाजोगाईच्या कॉलेजात जायचं माझं राहिलं. तो राग मी तिच्यावर काढत राहिले. ती मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मी ताट तिच्यापुढं आदळायचे आणि एक शब्दही न बोलता निघून यायचे. स्थळं यायची बंद झाली, त्याचंही खापर आम्ही तिच्याच माथी फोडलं.

दोन वर्षांनी दुखणं जोरात उलटलं. पोट फुगलं, ताप चढला. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंबाजोगाई यायच्या आधी ती डोळे उघडून म्हणाली, "मी मुद्दाम करत न्हवते गं."

"बरं, बरं," मी म्हणाले. किरकिऱ्या लेकराला म्हणावं तसं.

आतडं फाटलं होतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. सव्वीस वर्षांची होती.

चाळिशी ओलांडल्यावर मला तोच आजार निघाला. रक्त, गोळ्या, सगळं तसंच. वर्षभरानं एकदा बीडच्या बसस्टँडवर उभी असताना मला कुठं जायचंय हेच आठवेना. गाड्या लागत होत्या, पाट्या वाचता येत होत्या, पण डोक्यात काही टिकत नव्हतं. तिथल्या बाकावर बसून मी रडले ते स्वतःसाठी नाही.

माझ्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, आतड्यातली सूज वर्षानुवर्षं राहिली की काहींच्या मेंदूवरही तिचा परिणाम होतो. आठवण, लक्ष, मन, सगळं मंदावतं. रक्त कमी असतं, झोप नसते, काही औषधांचंही असतं. "यात तुमचा काही दोष नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी माहेरी जाऊन आईला सांगितलं. ती गहू निवडत बसली होती. ऐकून तिचे हात थांबले.

"म्हंजी ती खरंच सांगत व्हती?"

"होय."

आईनं हातातले गहू सुपात टाकले. मग म्हणाली, "मी बी तिला आळशी म्हणले गं. लई येळा म्हणले."

तिनं सूप बाजूला सारलं आणि पदर तोंडाला लावला. मी तिच्याजवळ सरकून बसले. तिनं सारलेलं सूप मांडीवर घेतलं आणि राहिलेले गहू निवडू लागले.