न मोजता मोजलेली मेंढरं

संगीताला मी पहिल्यांदा पाहिलं ते बीडच्या एका कॉलेजात, संख्याशास्त्रातल्या आधुनिक पद्धतींच्या प्रशिक्षणात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग, मे महिना, आणि पंखे फक्त व्यासपीठावर बसणाऱ्यांसाठी. मी धारूरची यशोधरा, घाटावरच्या वाऱ्याची सवय असलेली, त्यामुळे पहिल्या दिवसापासून चिडलेली. शेजारी बसलेली ही चकलांब्याची मुलगी मात्र वनमाला मॅडमचा शब्दन् शब्द उतरवून घेत होती.

"एवढं लिहून काय करणार?" मी विचारलं.

"मला मेंढरं मोजायचीत," ती म्हणाली आणि परत लिहायला लागली. उन्हानं हिचं डोकं फिरलंय, असं मला वाटलं.

संगीताचं घर मेंढपाळांचं. कळपामागं फिरत ती पाढे शिकली आणि गेवराईला रोज एसटीनं जाऊन बीएस्सी झाली. मेंढपाळ जगातलं काहीही सांगेल, पण आपली मेंढरं किती ते सांगणार नाही. आकडा तोंडातून निघाला की नजर लागते. म्हणून पावसाळ्याआधी जनावरांचे डॉक्टर लसीसाठी यादी करायला आले की शंभराचे साठ होतात आणि साठाचे पस्तीस. लस येते यादीप्रमाणे. गेल्या वर्षी ती संगीताच्या दारात पोचण्याआधीच संपली आणि साथीत त्यांची चौदा कोकरं मेली. तिच्या वडिलांनी, गहिनीनाथांनी, दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. यंदा लस पुरली पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. आम्ही बाकीचे प्रमाणपत्रासाठी आलो होतो.

नवव्या दिवशी मॅडमनी, लोक खरं सांगायला कचरतात तेव्हा काय करायचं, ते शिकवलं. पिशवीत एक ते नव्याण्णव आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. माणसानं एक काढायची, कुणाला न दाखवता तिच्यातला आकडा आपल्या खऱ्या आकड्यात मिळवायचा आणि फक्त बेरीज सांगायची. एकट्याचं गुपित कुणालाच कळत नाही. पण चिठ्ठ्यांची सरासरी पन्नास हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून सगळ्या बेरजांच्या सरासरीतून पन्नास वजा केले की खरी सरासरी जवळपास हाती लागते. मी जांभई देत होते. संगीता बाकावरून उठलीच.

"मॅडम, यात नजर लागायची सोयच नाही!"

अख्खा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत प्रत्येकानं एक पद्धत आपल्या भागात वापरून पाहायची होती. मी घरबसल्या होणारं काम निवडलं होतं, तरी या बयेनं मला एसटीत कोंबून चकलांब्याला नेलं.

मेंढपाळांची चाळीस घरं होती. लोकांना खेळ भलताच आवडला. पहिली अडचण आली दगडाबाईची. म्हातारीनं चिठ्ठी उघडली, तोंड वाकडं केलं आणि पिशवीत परत टाकली.

"सात कसलं देती गं? मोठं दे की."

चिठ्ठीत जेवढा आकडा तेवढी मेंढरं सरकार फुकट देणार, अशी तिची खात्री होती. सगळ्यांनी अशा मोठ्याच चिठ्ठ्या ठेवून घेतल्या असत्या तर आमची पन्नासची सरासरी गेली असती खड्ड्यात. संगीतानं तिला अर्धा तास शांतपणे समजावलं. मी पाच मिनिटांत भांडले असते.

दुसरी अडचण संध्याकाळी आली. सटवा नावाचा गडी डोकं खाजवत समोर उभा राहिला.

"ताई, मी बेरजेतूनबी वीस कमी करून सांगितले."

"कावून?" संगीता किंचाळलीच.

"सवय हाय."

मी पोट धरून हसले. संगीताचा चेहरा मात्र पांढरा पडला. एकानं केलं तर बाकीच्यांनी कशावरून केलं नसेल? तिनं सगळ्यांना पारावर गोळा केलं आणि विचारलं. मग गहिनीनाथ उठले.

"मीबी कमी सांगितले," ते म्हणाले. "गेल्या साली डॉक्टरलाबी निम्मेच सांगितलते. लस कमी पडली ती माझ्या तोंडानं. ती चौदा कोकरं मीच मारली. पोरीला ठाऊक हाय. वरीस झालं, एका शब्दानं बोलली न्हाई."

संगीता रडली आणि मीही रडले. सटव्याला काय करावं सुचेना. "काका, बसा खाली," तो म्हणाला. "आमी समदे परत चिठ्ठ्या काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी खरोखर पुन्हा काढल्या. बेरजांची सरासरी आली एकशे अठ्ठेचाळीस. पन्नास गेले, राहिले अठ्ठ्याण्णव. चाळीस घरांची मिळून तीन हजार नऊशे वीस मेंढरं झाली आणि डॉक्टरांच्या यादीत होती बावीसशे. अंदाज थोडा इकडेतिकडे होणारच, म्हणून संगीतानं चार हजार तीनशे डोस मागितले. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"हे लोक खोटं सांगतात ते माहीत होतं," ते म्हणाले. "किती खोटं सांगतात ते आज कळलं." आणि त्यांनी मागणीवर सही केली.

जूनच्या सुरुवातीला शंभर-शंभर डोसांच्या त्रेचाळीस बाटल्या आल्या, तेव्हा मीही परत चकलांब्याला गेले. संगीतानं स्वतःच्या घराचा नंबर मुद्दाम शेवटी लावला. "चुकलं तर आमचंच घर उघडं पडू दे," म्हणाली. मी तिला वेडी म्हटलं. दोन दिवस सुया चालल्या. बाटल्या संपत आल्या तशी मी नखं कुरतडून संपवली. गहिनीनाथांच्या शेवटच्या कोकराला टोचून झालं तेव्हा खोक्यात तीन बाटल्या शिल्लक होत्या.

ते कोकरू सोडून गहिनीनाथ संगीताजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या मेंढरांचा खरा आकडा त्यांनी तिच्या कानात सांगितला. तिनं तो वहीत लिहिला नाही. मी नंतर तीनदा विचारलं, पण तिनं मलाही तो सांगितला नाही.