तीनदा ‘नक्की?’

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, एका मोठ्या कचेरीत जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती कायमची नाहीशी करतात. नुसतं डिलीट करून भागत नाही. ते पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं. धडे जागच्या जागी असतात. कुलूपबंद केलेली फाइलही किल्ली सापडली की उघडते. म्हणून भाऊजी डिस्कला ड्रिलने भोकं पाडतात. मग ब्रह्मदेव आला तरी काही वाचता येत नाही.

ड्रिल चालवण्याआधी समोरच्याला तीनदा विचारायचं, “नक्की?” हा कचेरीतला नियम. माणसाने नियम कचेरीत ठेवून घरी यावं. भाऊजी तो सोबत घेऊन येतात. ताई अंडं फोडायला गेली की, “नक्की?” मेणबत्ती पेटवली की, “मेण पुन्हा गोठेल, वात परत येणार नाही. नक्की?” बर्फ करायला पाणी ठेवलं तर मात्र अवाक्षर नाही, कारण बर्फाचं पुन्हा पाणी होतं. ताईच्या कपाळाला हात लावून लावून घट्टे पडायचेच बाकी आहेत.

त्यांच्या लेकीने लग्न ठरवलं. जावई भाऊजींना मनापासून पसंत होता. पण नोंदणीच्या टेबलाशी तिने सहीसाठी पेन उचललं आणि भाऊजींनी विचारलं, “नक्की?” तेही व्याह्यांसमोर, आणि चांगलं तीनदा. तिसऱ्या खेपेला विहीणबाई स्वतःच्याच मुलाकडे संशयाने बघायला लागल्या. लेकीने सही केली आणि बापाशी बोलणं टाकलं. तेव्हापासून तिचा फोन ताईला यायचा. भाऊजी शेजारी बसून नुसते ऐकायचे. मला त्यांचा संताप यायचा, आणि आतडंही तुटायचं.

परवा मी तिथेच होते. फोन आला, ताईने स्पीकर लावला.

“आई, बाबांना दे,” लेक म्हणाली. ताईने फोन भाऊजींपुढे सरकवला. “बाबा, रविवारी घरी येऊ?”

भाऊजींचे ओठ हलले. “न…”

ताईने डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

“न… नऊची बस सोयीची पडेल का?”

पलीकडे ती हसली. “नऊला बसच नसते, बाबा.”

“मग जी असेल ती. मी स्टँडवर आहेच,” म्हणत भाऊजी उठले आणि चपला शोधू लागले.

ताईने डोळ्यांना पदर लावला. “अहो, आज बुधवार आहे.”

“नक्की?” भाऊजींनी विचारलं.