रूपरावांचा दुसरा पडदा

नालवाडीचे रूपराव माझ्या सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, वीस वर्षं काढत आलेत. माणूस हट्टी, तोंडाचा फटकळ. तरी मी त्यांना मानते.

लहानपणी गिल्ली लागून त्यांचा डावा डोळा गेला. पन्नाशीत उजव्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं. सेवाग्रामला कुणा गेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा बसवला आणि रूपराव पुन्हा कामाला लागले. वर्षभराने डोळा लाल झाला. डोळे आले की आपण काय करतो? गुलाबपाणी, काळा चष्मा आणि चार दिवस घरात. त्यांनी तेच केलं. दवाखान्यात गेलेच नाहीत, का तर म्हणे तिथल्या पेशंटांना लागण होईल! शरीर तो पडदा नाकारत होतं, हे कळेपर्यंत तो पांढरा पडला होता.

मी त्यांना फाडफाड बोलले. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, कोनाचं तरी दान मी मातीत घातलं."

दुसऱ्या पडद्यासाठी नंबर लागला, तर जायलाच तयार नाहीत. "मले काऊन देता? नव्या मानसाले द्या."

शेवटी बायको, सुमित्राबाई, कडाडल्या, "स्वरदाचं लगन ठरून राह्यलं. पोरीले नवरी झालेली पाह्याची नाई का?" तेव्हा कुठे गडी नमला.

दुसऱ्यांदा बसवलेला पडदा टिकणं अवघड असतं. डोळा लाल झाला, अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. रूपरावांनी दुकानात एक पुढचं चाक टांगलं. रोज सकाळी थेंब टाकून त्याच्या बत्तीस तारा मोजायच्या. आठ महिने बत्तीस भरल्या.

लग्नाच्या सकाळी पंचविसाच्या पुढे तारा एकमेकींत मिसळल्या. डोळा किंचित लाल होता. "होमाच्या धुरानं झालं असन, लगन लागल्यावर जाजो," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, दोन तासांनी काय बिघडतं?

"मॅडम, तुमी बी?" त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि ऑटोत बसले. कन्यादान स्वरदाच्या काकाने, कैलासने केलं. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी ते परतले. वेळेत आल्यामुळे पडदा वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दर तासाला थेंब टाकायचे होते. इकडे स्वरदा सासरी नेणाऱ्या गाडीपाशी तासभर उभी होती, काही केल्या बसेना.

"माह्या लग्नाहून डोळा मोठा झाला का, बाबा?"

"लगन तं हुकलंच, बाई. पन तुले पाह्याचं हुकू नाई देल्लं. ये, उजेडात ये."

ती ट्यूबलाइटखाली आली. त्यांनी तिला अगदी जवळून, सावकाश न्याहाळलं. मग आऊट काढणारा हात पुढे आला.

"मुंडावळी डावीकडं उतरली," ते म्हणाले, आणि त्यांनी ती सरळ केली.