फाटकाअलीकडे तुटलेला शिवदोरा

नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही. विश्वास ठेवायलाही अंगात थोडं बळ लागतं, तेच उरलं नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, छातीचा कॅन्सर झाला होता. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावातून त्यांना रोज मिरजेच्या दवाखान्यात लाईट, म्हणजे किरणांचा शेक, द्यायला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, मग चूल, जनावरं, धुणं. आत्ती मात्र एवढ्या दुखण्यातही पहाटे लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. मला त्याचाही राग यायचा. ज्याला रोज न चुकता पुजलं त्यानं काय दिलं, असं मनात यायचं.

आमचा वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, वाटेत रेल्वेचा रूळ ओलांडायचा. त्याला सगळे फाटक म्हणत, पण तिथे ना दांडा होता ना माणूस. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, त्यात त्या सकाळी दाट धुकं. ड्रायव्हरनं नेहमीसारखा टेप मोठ्यानं लावला होता.

फाटक जवळ आलं आणि आत्तींनी एकदम गळा चाचपला. गळ्यातला शिवदोरा तुटून त्यात अडकवलेली लिंगाची चांदीची डबी खाली घरंगळली होती. आम्हा लिंगायतांत लिंग अंगावेगळं होणं म्हणजे जीवच वेगळा होणं.

"गाडी थांबव बाबा, माझा देव पडलाय."

"फाटक वलांडू दे की मावशी, फुडं बघू."

"न्हाय. देवाबिगर मी फुडं येत न्हाय."

त्यानं करवादून ब्रेक मारला, टेप बंद केला. माणसं कुरकुरत उतरली. मिरजेच्या बाजारात अंडी विकणारी एक बाई आमच्या शेजारी बसायची. तिनंच आपली पाटी सरकवून डबी शोधली, पण हात लावला नाही. "माझं हात अंड्याचं हाईत. तुम्हीच घ्या, आक्का," मला म्हणाली.

मी डबी उचलायला वाकले आणि पायाखालची जमीन थरथरली. धुक्यातून भोंगा आला आणि समोरून अख्खी आगगाडी धडधडत गेली. "रोज ह्याच वक्ताला जातोय मी," एवढंच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा म्हणत होता.

दोरा जुना होता, कधीतरी तुटणारच होता. तो तिथे तुटला, एवढंच मी सांगते. आत्तींनी बांधावर बसून लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं, पदराच्या चिंधीत डबी बांधून गळ्यात अडकवली. कोणी घाई केली नाही. मग ड्रायव्हर स्वतः चालत रुळापर्यंत गेला, दोन्हीकडे बघून आला आणि जीप पलीकडे नेली.

मी आत्तींना म्हटलं, "आता देव तुम्हालाही बरं करील."

"ते त्याचं त्यो बघंल. तू जरा डोळं मीट. किती दिस झोपली न्हाईस."

मी डोळे मिटले ते मिरजेतच उघडले. माझं डोकं आत्तींच्या डाव्या खांद्यावर होतं. लाईटनं तिथली कातडी भाजून निघाली होती, पदराचा स्पर्शही त्यांना सोसत नसे. सगळी वाट त्या हलल्या नव्हत्या.

आत्ती त्या उन्हाळ्यात गेल्या. मी देवाशी भांडले नाही. त्या सकाळी जीपमधल्या सगळ्यांना त्यानं घरी पाठवलं, याचे उपकार मी आजही मानते. देवावर भार टाक, असं जो तो मला सांगायचा. तो कसा टाकायचा हे मला त्या भाजलेल्या खांद्यावर कळलं, आणि तेही झोपेत.