नीलाबाईंचा बंदरावरचा माणूस

अर्धापुरात बरेच दिवस एक खबर फिरत होती, की नीलाबाईंचा मुंबईकडं एक माणूस आहे आणि रोज पहाटे साडेपाचला त्या त्याच्याशी बोलतात. केळी तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमीण साखराबाई यांनी ते स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. "वारं कसं हाय, इचारतात बाई त्याला. लाटा किती उठून राहिल्या म्हणतात. ह्या वयात!" वय बासष्ट.

खबर निम्मी खरी होती. माणूस होता, बोलणंही होतं. फक्त नीलाबाई नावाची बाई जगात आहे, हे त्या माणसाला माहीत नव्हतं.

नीलाबाईंचं केळी धुऊन पेटीत भरायचं शेड आहे. इथली केळी थंड कंटेनरमधून मुंबईजवळच्या बंदरावर जातात, तिथून जहाजानं दुबईकडं. बंदरावर एका एजंटाच्या ऑफिसात संगमेश नावाचा कारकून आहे. तो रोज पहाटे सगळ्या शेडवाल्यांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकतो: वारा किती, लाटा किती, जहाजं आत येताहेत की बाहेर थांबलीत. बाकीचे तो ऐकतात आणि चहा पितात. नीलाबाईंची कपाळाला विभूती लावून झाली, की त्या फोन टाकीच्या कठड्यावर उभा करतात, स्पीकर लावतात आणि त्याला उत्तरं देतात.

"नमस्कार. बंदर परिसरात आर्द्रता पंच्याऐंशी टक्के..."

"मंग घाम येत असंल की रे लेकरा."

"...लाटांची उंची दीड मीटर..."

"कालच्यापरीस कमी हाय. बरं झालं."

स्वतः नीलाबाईंनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विष्णुपुरीचं धरण. एकदा इस्लापूरला जाऊन सहस्रकुंड बघितलं, तर म्हणाल्या, "एवढं पाणी वाया चाललंय, वरून कुणी बंद करंना का?" पण बंदरावरच्या वाऱ्याबद्दल अशा बोलतात, जसं काही ते त्यांच्या सुनेचं माहेर आहे.

कारण साधं आहे. केळीचा घड झाडावर चार दिवस थांबतो, कोयता लागला की थांबत नाही. वाऱ्यानं बंदर बंद पडलं की कंटेनर रांगेत अडकतात, आणि आत एक फणी पिकली की शेजारणींना घेऊनच पिकते.

गेल्या ऑक्टोबरात भागवतरावांच्या बागेची पाळी आली. त्यांचा माल पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. मुदखेडच्या सासरवाडीत तर ते स्वतःच दुबईला चालल्यासारखे सांगून आले होते. पहाटे साखराबाईंची टोळी कोयते घेऊन शेडवर हजर. निरोप आला: "नमस्कार. बंदर परिसरात वारा मध्यम. कामकाज सुरळीत सुरू."

टोळी उठली. नीलाबाईंनी आज उत्तर दिलं नाही. निरोप पुन्हा लावला. मग फोन कानाला चिकटवून आणखी एकदा.

"आज कोयता लावायचा न्हाई."

"कामून?" भागवतराव ओरडलेच.

"त्याच्यामागं पत्रा वाजून राहिलाय. रोज कावळे असतेत, कपबशी वाजती. आज कावळा एक न्हाई, नुसता पत्रा थडाथड. मध्यम म्हणे! रातचा लिवलेला कागद वाचून राहिलंय लेकरू."

"अहो काकू, आभाळात बोटभर ढग न्हाई. इथं पान हलंना!"

"तुझी केळी इथून जहाजात चढणार हायेत का, भागवत?"

भागवतराव रिकाम्या क्रेटवर बसले. "अन् झाडावर पिकली तर?"

"तर माझ्या शेडात पुन्हा कुणी घड आणू नका."

असा शब्द गावात परत घेता येत नाही. नीलाबाईंना स्वतःलाही मात्र पुरती खात्री नव्हती. पत्रा काय, एखाद्या टपरीचा नुसता सैल झालेलाही असतो.

आमचं घर शेडमागंच, त्यामुळं मीही तिथं होते. संगमेशचा निरोप मी नाकातल्या सुरासकट हुबेहूब करते. तेव्हाही करून दाखवला, टोळी हसली आणि मी चढले. "काकू, त्याचा आवाज मला तुमच्यापेक्षा पाठ हाय. पत्राबित्रा काही न्हाई, बंदर आज चालूच राहतंय. लावा पैज!"

"काय लावतीस?"

"मी हरले तर भागवतकाकांच्या मालाच्या फण्या मी धुवीन. तुम्ही हरलात तर शाळेच्या गॅदरिंगला तुमची नक्कल, तुमचंच लुगडं नेसून."

"विभूती लावून?"

"लावून!"

"हाव, लागली पैज," नीलाबाई म्हणाल्या.

मग सकाळभर त्या वेळ बघायच्या निमित्तानं फोन बघत राहिल्या. दुपारी अडीचला निरोप आला. ह्या खेपेला नमस्कार नव्हता. "धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय. जहाजं बाहेरच थांबवली आहेत. कुणीही माल काढू नका."

मागं पत्र्याचा आवाज नव्हता.

"उडाला वाटतं," नीलाबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसल्या. भागवतरावांनी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

तिसऱ्या दिवशी बंदर उघडलं आणि कोयता लागला. घड हिरवेगार होते. मी तुरटीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभी. निळ्या ड्रेसवर केळीचा चीक सांडला, तो डाग काही जात नाही. दुपारपर्यंत कंबर मोडली. नीलाबाई आल्या, पेट्या बघितल्या, मला बघितलं.

"थकलीस का गं? अजून निम्म्या हायेत."