पुसलेल्या वायरी

वडिलांच्या जुन्या मोटारीच्या प्लगच्या चारही वायरी मी काढून पुसल्या आणि परत लावताना मधल्या दोन एकमेकींच्या जागी बसवल्या. मागं बसलेल्या वडिलांसकट गाडी खोकत, फटाके फोडत कशीबशी नळदुर्गच्या गॅरेजपर्यंत आली. "इंजिनाला हात लावलास तर गाडी इकून टाकीन," असं वडिलांनी बजावलेलंच होतं. म्हणून मी मिस्त्रीला सांगितलं, "आपोआपच झालं."

हा मिस्त्री आधी बॉनेट कधीच उघडत नाही. सायलेन्सरपुढं तळहात धरतो, डोळे मिटतो आणि तोंडातली सुपारी चघळायचंही थांबवतो. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा बोललो.

"चारातले दोनच सिलिंडर बोलायलेत," तो म्हणाला, "आन् तिसरे तुम्ही."

मग त्यानं बॉनेट उघडलं. धुळीनं माखलेल्या इंजिनावर चार वायरी लख्ख चमकत होत्या. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि दोन वायरींची अदलाबदल केली. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. वडील काठी टेकत गाडीतून उतरायला लागले, तसा त्यानं तेलकट फडका उचलला आणि चारही वायरींवर फिरवून त्या पार काळ्या केल्या.

"जुनी गाडी हाय, काका. होतंय असं," तो वडिलांना म्हणाला. मला पाठीशी घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वडिलांनी आत डोकावलं. "मिस्त्री, झाकू नका. माझ्या धुतल्या धोतरानं पुसल्यात ह्यानं त्या. गाडी कशाला इकू? ह्यालाच इकतो, पण घेतंय कोण?"