हिंगाष्टकाने न हटलेला गॅस

मंडळी, आज माझ्या पांडित्याचा पराभव झाला आणि मी पेढे वाटते आहे.

माझी भाची मधुरा दर महिन्याला पोट फुगून कळवळायची. मी पडले घरातली संस्कृतवाली मावशी. "वातप्रकोप!" असं निदान करून हिंगाष्टक चूर्ण द्यायचे. आठ वर्षं दिलं.

लग्नानंतर दिवस राहीनात, तेव्हा तिने दुखण्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडून डॉक्टरांपुढे ठेवल्या. प्रत्येक तारीख पाळीच्या आसपासची. तपासण्यांत निघाला एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशांवर आणि थेट आतड्यांवर वाढल्या होत्या. ऑपरेशन झालं, पोट शांत झालं आणि वर्षभरात गोड बातमी आली.

तीन महिने पूर्ण झाले, म्हणून आता तिच्या परवानगीने सांगते. आज ठाण्यात सोनोग्राफीला मीही गेले होते. पडद्यावर बाळ चक्क हात हलवत होतं.

मधुरा डोळे पुसत म्हणाली, "मावशी, बघ गं, तुझा गॅस!"

"अगं, नमस्कार करतोय मला," मी म्हटलं. हरले तरी मान सोडणार नाही.

पण एक खरं सांगते. "नेमकं कधी दुखतं गं?" हा साधा प्रश्न मी आठ वर्षांत तिला एकदाही विचारला नाही. तुमच्या घरात कुणी विचारलाय?